आईला मॉर्फीन लिहून दिलंय. सुरू करू की नको?

मिरजवाली | सोमवार, रात्री ११:४०

आईला (वय ६८) चार वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन, केमो सगळं झालं, मधली अडीच वर्षं छान गेली. आता तो कमरेच्या आणि मांडीच्या हाडांत उतरलाय. गेले दोन महिने ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी चालू आहे. आधी बरं वाटायचं. आता गोळी घेऊन तीन तास होत नाहीत तोवर ती पलंगाची कड धरते. ओरडत नाही, नुसती कड धरते. त्यावरून मी ओळखते.

शुक्रवारी डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या, दर चार तासांनी एक. गोळ्या घरात येऊन तीन दिवस झाले तरी कपाटातच आहेत, कारण घरात महाभारत सुरू आहे. मामा निवृत्त हवालदार. ऐंशीच्या दशकात मुंबईत होते, गर्दुल्ले उचलून आणायची ड्यूटी त्यांनी केलीय. ते म्हणतात, "माझ्या बहिणीला म्हातारपणी गर्दुल्ली करतेस काय?" आणि आईचं स्वतःचं म्हणणं, "हे शेवटचं औषध असतं गं. ते दिलं की माणूस जातो." पलीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांना दिलं आणि चौथ्या दिवशी ते गेले, हे तिनं पाहिलंय.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. व्यसन लागतं का? श्वास बंद पडतो म्हणतात ते खरं का? आणि एवढं जालीम औषध आत्ताच वापरलं तर पुढे जास्त दुखेल तेव्हा काय उरणार?

डॉक्टरांना विचारलं होतं. बाहेर चाळीस पेशंट बसलेले. "काही होत नाही, द्या" एवढंच म्हणाले.

---

टपरीवरचा_चहा | सोमवार, रात्री ११:५२

काकूंना लवकर आराम पडो. मला यातलं काही कळत नाही, पण वाचतोय.

---

स्पष्टवक्ता | मंगळवार, सकाळी ६:१०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हे सगळं औषध कंपन्यांचं जाळं आहे. आधी गोळी खायला लावायची, मग त्या गोळीचीच गरज निर्माण करायची. आईंना अनुलोम-विलोम आणि गव्हांकुराचा रस सुरू करा. मन खंबीर असेल तर वेदना जाणवत नाहीत.

---

मिरजवाली | मंगळवार, सकाळी ६:३०

स्पष्टवक्ता, तिनं दोन बाळंतपणं घरात काढली आणि केमोच्या दिवसांत स्वतःचा स्वयंपाक स्वतः केला. मन खंबीरच आहे. मांडीचं हाड नाहीये.

---

भूलवाला | मंगळवार, सकाळी ७:४५

मी भूलतज्ज्ञ. गेली काही वर्षं मुख्यतः दुखणं कमी करण्याचं आणि असाध्य रुग्णांच्या शुश्रूषेचंच काम करतो. तुमच्या आईंना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण "काही होत नाही" हे उत्तर अपुरं आहे. होतं. काय होतं ते माहीत असलं की भीती जागेवर येते.

व्यसन. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. मॉर्फीन काही आठवडे रोज घेतलं तर शरीराला त्याची सवय लागते, अगदी कुणाच्याही. अचानक बंद केलं तर घाम, जुलाब, अस्वस्थपणा, झोप उडणं असा त्रास होतो. स्टिरॉइडही एकदम बंद करता येत नाही, पण म्हणून स्टिरॉइड घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. व्यसन म्हणजे औषधासाठी जीव कासावीस होणं, खोटं बोलणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं. कर्करोगाच्या दुखण्यासाठी घड्याळ लावून, तोंडानं, मोजून मॉर्फीन घेणाऱ्या रुग्णात हे क्वचित दिसतं. क्वचित म्हणतोय, कधीच नाही असं म्हणत नाही.

श्वास. मॉर्फीन जास्त झालं तर माणूस दगावतो तो श्वास मंदावूनच, हे खरं. म्हणून थोड्यापासून सुरू करून पायरीपायरीनं वाढवतात. तोंडानं घेताना श्वास मंदावण्याआधी बहुतेक वेळा गुंगी वाढते. पहिले दोन-तीन दिवस जरा झोप येईल, ते चालतं. पण हाक मारून, हलवून जाग येत नसेल, श्वास फार संथ किंवा अडखळत चालला असेल, तर पुढची गोळी द्यायची नाही आणि तडक दवाखाना गाठायचा. आई झोपेची किंवा "शांत वाटायची" गोळी घेतात का? हे डॉक्टरांना आजच सांगा, दोन्ही एकत्र झालं की धोका बराच वाढतो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, कधी केलीय? मूत्रपिंड अशक्त असेल तर मॉर्फीनचे अंश अंगात साठतात. मग डोस किंवा औषधच बदलावं लागतं.

पुढे काय उरणार? ट्रॅमाडॉल मॉर्फीनच्याच जातीचं, पण त्याला दिवसाची वरची मर्यादा आहे, साधारण ४०० मिलिग्रॅम. मॉर्फीनला तसा ठरलेला आकडा नाही, दुखणं वाढलं तर हिशेबानं डोस वाढवता येतो. त्यामुळे "आत्ता वापरलं तर संपेल" असं नसतं. त्या आजोबांना बहुधा अगदी शेवटच्या आठवड्यात दिलं असेल. जो पाहुणा शेवटी येतो, आळ त्याच्यावर.

जे नक्की होणार ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. बद्धकोष्ठ. मळमळ आठवड्याभरात थांबते, गुंगी उतरते, हे मात्र औषध चालू असेपर्यंत सोबत राहतं. पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू करायचं, डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर मागून घ्या. आणि इसबगोल नको. पाणी कमी पिणाऱ्या, पडून असलेल्या रुग्णात इसबगोल आतड्यात गोळा होऊन बसतो. व्यसनाच्या भीतीनं मॉर्फीन सोडलेले रुग्ण मी थोडे पाहिले, पोट साफ होत नाही म्हणून सोडलेले पुष्कळ.

---

पाठदुखे | मंगळवार, दुपारी १:१५

भूलवाला साहेबांचा प्रतिसाद चांगला आहे, पण दुसरी बाजू मला लिहिलीच पाहिजे. गेली आठ वर्षं या फोरमवर आहे, हे कधी लिहिलं नाही.

२०१५ मध्ये गाडीवरून पडलो, मणक्याची गादी सरकली. ट्रॅमाडॉल ५०, दिवसातून दोनदा, दहा दिवसांसाठी लिहून दिली. मीही विचारलं होतं, सवय लागते का. "छे, ही सौम्य आहे," असं उत्तर मिळालं. दहा दिवसांनी परत दाखवायला गेलोच नाही. ओळखीचा मेडिकलवाला होता, जुनी चिठ्ठी दाखवायची आणि दोन पट्ट्या घ्यायच्या.

पाठीचं दुखणं चार महिन्यांत बरंचसं गेलं. गोळी राहिली. कारण गोळी घेतली की पाठीबरोबर बाकीचंही दुखायचं थांबायचं. साहेबाचं बोलणं, कर्जाचा हप्ता, सगळ्याला एक मऊ गवसणी घातल्यासारखी. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ. एक दिवस नऊ घेतल्या आणि ऑफिसच्या जिन्यात फिट आली. तोवर मला माहीतच नव्हतं की या औषधानं फिट येऊ शकते. दवाखान्यात सगळ्या तपासण्या केल्या, मेंदूचा एमआरआयसुद्धा. गोळ्यांचं मी सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं. ती तीन महिने कचऱ्यातल्या रिकाम्या पट्ट्या मोजत होती.

मग शहाणपणा सुचला आणि एका दिवसात बंद केलं. त्या चार दिवसांत जांभया, शिंका, डोळ्यांतून पाणी, जुलाब, अंगावर काटा. पाय तर जागेवर राहायचेच नाहीत, पहाटे तीनला मी सोसायटीच्या गच्चीवर येरझाऱ्या घालायचो. कपाळात मधूनच वीज चमकल्यासारखं व्हायचं. पाचव्या दिवशी परत मेडिकलमध्ये.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी पाच महिने लावले, दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत. आज सहा वर्षं झाली.

तर "व्यसन क्वचित" हे वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं, साहेब.

---

भूलवाला | मंगळवार, दुपारी २:०५

पाठदुखे, लिहिलंत, बरं केलंत. तुमचं म्हणणं मी खोडत नाही. माझं वाक्य कर्करोगाच्या दुखण्यापुरतं, देखरेखीखालच्या मॉर्फीनपुरतं होतं. ते उचलून पाठदुखी, गुडघेदुखी, दाढदुखीला चिकटवलं की काय होतं ते तुम्ही लिहिलंत. महिनोन् महिने चालणाऱ्या पाठदुखीत या औषधांचा फायदा तसाही फारसा टिकत नाही. गोळी लिहितानाच ती कधी बंद करायची हे लिहायला हवं होतं, तिथे आमचे लोक चुकतात. ट्रॅमाडॉलला "सौम्य" म्हणणं तर घातकच. नैराश्याची काही औषधं घेणाऱ्यांनी ती डॉक्टरांना न सांगता घेऊच नये, फिटचा धोका वाढतो.

---

ओहायोकर | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

इकडची कथा सांगतो, कारण भूलवालांचं ते वाक्य चिकटवायचं काम एका अख्ख्या देशानं केलंय.

१९८० साली बोस्टनच्या दोन जणांनी एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं. पाच वाक्यांचं. इस्पितळात दाखल असताना मॉर्फीनच्या जातीची औषधं दिलेल्या रुग्णांत व्यसन क्वचित आढळलं, एवढाच त्याचा मजकूर. घरी घेऊन गेलेल्या गोळ्यांबद्दल, महिनोन् महिने घेण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. पुढे हे पत्र ६०० हून जास्त लेखांत पुरावा म्हणून दाखवलं गेलं. १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीनं ऑक्सीकॉन्टिन बाजारात आणलं, बारा तास पुरणारी ऑक्सीकोडोनची गोळी, मॉर्फीनच्याच जातीची. विक्रेते डॉक्टरांना सांगत फिरले की हळूहळू सुटणारी गोळी आहे, व्यसनाची भीती नाही. लोकांनी ती चुरडून ओढली, टोचून घेतली. २००७ मध्ये कंपनीनं दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला आणि ६० कोटी डॉलरच्या वर दंड भरला. दक्षिण ओहायोत नदीकाठी पोर्ट्समथ नावाचं गाव आहे, तिथे "पेन क्लिनिक"च्या पाट्या लावून रोख पैशात चिठ्ठ्या विकायचे. पुढे डॉक्टरांचा हात आखडला, तेव्हा तोवर अडकलेले लोक हेरॉइनकडे वळले आणि नंतर बाजारात बेकायदा फेंटानिल आलं, त्याच जातीचं पण कितीतरी जालीम. २०२१ साली अमेरिकेत अमली पदार्थ आणि औषधांच्या अतिमात्रेनं लाखाच्या वर माणसं गेली.

आता घरचं. २०११ मध्ये माझ्या मुलाच्या अक्कलदाढा काढल्या. तीस गोळ्या दिल्या, हायड्रोकोडोनच्या, म्हणजे त्याच जातीच्या. त्यानं दोन घेतल्या, उरलेल्या अठ्ठावीस बाथरूमच्या कपाटात वर्षभर पडून. आपली मराठी सवय, औषध टाकायचं नाही, कधीतरी लागेल. एकदा कुणाला तरी लागलं. घरी आलेल्या पोरांपैकी कुणीतरी बाटली रिकामी केली, कोण ते आजतागायत कळलं नाही. आमच्याच रस्त्यावरचा एक मुलगा तीन वर्षांनी गेला. त्या बाटलीशी त्याचा संबंध असेल किंवा नसेल. बायको अजून तो विषय काढू देत नाही.

मिरजवाली, हे तुम्हाला घाबरवायला लिहिलेलं नाही. आईंना गोळ्या द्याच. फक्त कुलूप लावा.

---

गोळीमास्तर | मंगळवार, रात्री ९:२०

नाशिकला माझं मेडिकल आहे, तेव्हा शिव्या खायला हजर!

पाठदुखे, ज्यानं जुन्या चिठ्ठीवर दिल्या त्यानं चूक केली, पांघरूण घालत नाही. ट्रॅमाडॉल मार्च २०१४ पासून एच-१ यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही अशा औषधांच्या कडक यादीत. वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या ते, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली गेलं. तेव्हापासून घाऊकवाल्याकडून येणारा मालही कमी झाला आणि मागणाऱ्यांचे डोळेही बदलले. आता टॅपेन्टाडॉलची, तशाच दुसऱ्या गोळीची, विचारणा वाढलीय. त्याआधी प्रॉक्सिव्हॉन होतं, दुखण्यावरची निळी कॅप्सूल. २०१३ मध्ये त्यातल्या औषधावर बंदी आली तेव्हा काउंटरवर अक्षरशः भांडणं झाली.

आणि कोडीनचं खोकल्याचं औषध! बसस्टँडच्या मागे रिकाम्या बाटल्यांचा खच असतो. खोकला एवढा असता तर गाव रात्रभर झोपलं नसतं. आया अजून विचारतात, "मुलालाही तेच देऊ का थोडं?" बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊ नये. काहींच्या शरीरात त्याचं मॉर्फीन फार झपाट्यानं होतं.

मॉर्फीन मात्र मी ठेवत नाही, मला परवानगीच नाही. सगळ्या जिल्ह्यांत ते सहज मिळतं असंही नाही. मान्यता मिळालेल्या दवाखान्यातूनच येतं. मिरजवाली, ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याकडूनच गोळ्या मिळाल्या असतील तर दवाखाना मान्यताप्राप्त आहे. ही नशिबाची गोष्ट समजा, माझ्याकडे शंभर किलोमीटरवरून माणसं विचारत येतात आणि मी हात हलवतो.

---

अनारसा | मंगळवार, रात्री ९:४८

एक बावळट प्रश्न. मॉर्फीन अफूपासून येतं आणि अफू म्हणजे खसखशीचंच झाड ना? मग अनारशांनी माणूस झिंगत का नाही?

---

टपरीवरचा_चहा | मंगळवार, रात्री ९:५५

कोण म्हणतं नाही झिंगत? दिवाळीत अकरा अनारसे खाऊन आमचे काका दुपारी दोनला आडवे होतात ते थेट पाडव्याला उठतात. (कृपया हलकं घ्या.)

---

दुबईची_सून | मंगळवार, रात्री १०:१०

हसू नका. अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे. माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवाळीला लाडू, चकल्या, शेव आणि अनारसे भरून दिले होते. विमानतळावर जायच्या आदल्या रात्री कुणीतरी सांगितलं. रात्री अकरा वाजता आम्ही तिघी बसून बहात्तर अनारसे सुरीनं खरवडत होतो. सासूबाई म्हणाल्या, "आता हे अनारसे नाहीत, घावन झाले." तरीही घरीच ठेवून गेले, दाण्या-दाण्याची खात्री कोण देणार?

---

गोळीमास्तर | मंगळवार, रात्री १०:२५

अनारसा, झाड तेच. अफू येते बोंडाला चीर दिल्यावर निघणाऱ्या चिकातून. बी पिकते तोवर बियांत जवळजवळ काही नसतं, असलंच तर बाहेरून लागलेला चिकाचा अंश. स्वयंपाकाच्या मापात काही होत नाही. काकांच्या झोपेला तूप आणि गूळ जबाबदार.

---

जुनाट | मंगळवार, रात्री ११:०५

धागा खसखशीवर घसरलाच आहे तर माझी थोडी भर. माझी आजी लालबागला चाळीत राहायची. तिच्या तोंडून ऐकलंय की गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या पोराला अफूची बारीक गोळी चाटवून कामावर जायच्या. पाळणाघर नाही, दूध पाजायला सुट्टी नाही. पोर दिवसभर निपचित. काही पोरं उठायचीच नाहीत. आजी हे सांगताना कधी "व्यसन" म्हणाली नाही, "पोट" म्हणाली.

दुसरं, मामांच्या मुद्द्याबद्दल. ते चुकीचे नाहीत, त्यांनी जे पाहिलं ते खरंच होतं. मुंबई-पुण्यात ब्राउन शुगरनं, म्हणजे भेसळीच्या हेरॉइननं, तेव्हा घरंच्या घरं बसली. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते त्यातूनच. पण त्याच सुमाराला, १९८५ मध्ये, अमली पदार्थांचा कडक कायदा आला आणि सुक्याबरोबर ओलंही जळलं. मॉर्फीन ठेवायचं तर दवाखान्याला चार-पाच परवाने, वेगवेगळ्या खात्यांचे, सगळे एकाच वेळी वैध असलेले. कारकुनी चूक झाली तरी किमान दहा वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार. दवाखान्यांनी मॉर्फीन ठेवणंच सोडून दिलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला औषधी वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. डॉक्टरांची एक पिढी मॉर्फीनची गोळी हातात न धरता शिकून बाहेर पडली.

आणि हे कुठे? मंदसौर, नीमच, चित्तोडगडकडे सरकारी परवान्यावर अफू पिकते त्या देशात. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, माल जगभर जायचा. केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं पाठीमागे लागले, तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोनसकट सहा औषधं "अत्यावश्यक" ठरली आणि राज्यातल्या एकाच कार्यालयाची मान्यता पुरेशी झाली. कागदावर.

---

पाठदुखे | मंगळवार, रात्री ११:३०

जुनाट, म्हणजे ज्याला हवी त्याला मिळत नाही आणि ज्याला नको त्याला ओळखीवर मिळते.

---

जुनाट | मंगळवार, रात्री ११:३६

हो. एम्सनं केलेली पाहणी २०१९ मध्ये आली. देशात सव्वादोन कोटींच्या आसपास लोक अफू, हेरॉइन किंवा अशा गोळ्या वापरतात, आणि नुसत्या औषधी गोळ्यांवाले लोकसंख्येच्या जवळपास एक टक्का. म्हणजे तुम्ही एकटे नाही. पण मॉर्फीनच्या मान्यतेसाठी हेलपाटे घालणारा तालुक्याचा दवाखाना ही गोळ्यांची गळती करत नाहीये, हेही खरं.

---

स्पष्टवक्ता | बुधवार, सकाळी ६:०५

शेवटी मुद्दा माझाच सिद्ध झाला. ओहायोकरांनी लिहिलंय ते नीट वाचा. कंपन्यांचं जाळं!

---

ओहायोकर | बुधवार, सकाळी ८:४०

स्पष्टवक्ता, मी लिहिलंय ते तुम्हीही नीट वाचा. कंपनी खोटं बोलली हे खरं आणि हाडाच्या कर्करोगाला मॉर्फीन लागतं हेही खरं. इकडे दोर आवळला तेव्हा कर्करोगाच्या रुग्णांनाही दुकानदार संशयानं पाहायला लागले, वर्षानुवर्षं स्थिर डोसवर असलेल्यांच्या गोळ्या एका भेटीत बंद केल्या. त्यातून वेगळी वाताहत झाली. गव्हांकुराचा रस मी प्यायलोय, त्यानं फक्त गव्हांकुराचा ढेकर येतो.

---

चिंगी_पुणे | बुधवार, सकाळी १०:१५

बाबांना गोळी गिळवत नव्हती म्हणून फेंटानिलची पट्टी होती. एक गोष्ट सांगते, कुणाला उपयोगी पडेल. पट्टी लावल्यावर बारा तास झाले तरी बाबांना फरक नाही म्हणून भावानं दुसरी लावली. नशीब की नर्सताईंचा फोन आला आणि ती ओरडली. पट्टीचा पूर्ण असर यायला बारा ते चोवीस तास लागतात आणि एक पट्टी तीन दिवस चालते. वर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेनं औषध भराभर आत जातं. काढलेल्या पट्टीतही पुष्कळ औषध उरतं. आम्ही ती चिकट बाजू आत दुमडून वेगळ्या डब्यात ठेवायचो आणि डबा दवाखान्यात परत द्यायचो. घरात दोन वर्षांची भाची रांगायची सोडून सगळीकडे चढायची.

आणि बाबा सव्वा वर्ष पट्टीवर होते. "शेवटचं औषध" घेऊन त्यांनी माझ्या भावाचं लग्न लावलं, मांडवात पंगतीला वाढप नीट होत नाही म्हणून आचाऱ्याशी भांडले.

---

भूलवाला | बुधवार, सकाळी ११:००

चिंगीताई, पट्टी पहिल्यांदाच अशी औषधं घेणाऱ्याला लावत नाहीत, हेही जोडतो. शरीराला आधी गोळ्यांची ओळख झालेली असावी लागते. कुणी उरलेली पट्टी शेजारच्या आजींच्या गुडघ्याला लावू नये. हे मी पाहिलेलं आहे.

मिरजवाली, हाडातलं दुखणं असल्यामुळे एक विचारा: त्या जागेवर रेडिएशन देता येईल का? कधी कधी एका बैठकीतही बराच आराम पडतो. मग मॉर्फीन हळूहळू कमीही करता येतं. कमी करतानाही आपल्या मनानं नाही.

---

गोळीमास्तर | बुधवार, सकाळी ११:२०

आणि हा धागा वाचून कुणाला स्वतःच्या पट्ट्या मोजाव्याशा वाटल्या तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. माझ्या काउंटरवर येऊनही विचारा, मी रागावत नाही. माल तेवढा देत नाही.

---

मिरजवाली | पुढचा शुक्रवार, रात्री १०:५०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा.

गेल्या आठवड्यात बुधवारी दुपारी सुरू केलं. त्याआधी भूलवालांचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात छापून मामांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, पाठदुखेंचाही वाचला. मग म्हणाले, "हा दुसरा मनुष्य खरं बोलतोय, त्यामुळे पहिलाही बोलत असेल." क्रिएटिनिन ठीक आहे. झोपेची अर्धी गोळी आई घ्यायची, मला माहीतच नव्हतं, ती डॉक्टरांनी थांबवली. रेचक लिहिलेलं नव्हतं, मागून घेतलं. रेडिएशनसाठी सोमवारी बोलावलंय.

पहिले दोन दिवस ती सारखी पेंगत होती आणि मी सारखी श्वास बघत होते. एकदा मध्यरात्री इतकी जवळ जाऊन बघत होते की ती डोळे न उघडता म्हणाली, "जिवंत आहे, झोप." तिसऱ्या दिवसापासून गुंगी कमी झाली. काल कटाची आमटी कर म्हणाली आणि केल्यावर तिखट कमी आहे म्हणून नावं ठेवली. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. उठताना अजून कड धरते. बसल्या बसल्या नाही धरत.

गोळ्यांचा ताबा मामांनी घेतलाय. पत्र्याची पेटी, कुलूप, किल्ली जानव्याला. वहीत रोज तारीख, वेळ, शिल्लक, आणि सही! परवा संध्याकाळी मोजणीत एक गोळी कमी भरली. घरातल्या प्रत्येकाचा जबाब झाला, अगदी कामवाल्या मावशींचा पाच वर्षांचा नातू पण. शेवटी गोळी आईच्या उशीखाली सापडली. मामांचा चेहरा असा पडला की बघवेना. त्यांना वाटलं, झालं, लपवायला लागली.

आई म्हणाली, "रात्री दोनची होती ती. हिला उठवायला नको म्हणून झोपताना दोन्ही मागून घेतल्या. एक खाल्ली, एक ठेवली. मग जागच आली नाही, सकाळपर्यंत."

---

पाठदुखे | शुक्रवार, रात्री ११:०२

मीही उशीखालीच ठेवायचो. मामांना सांगा, त्यांचा चेहरा का पडला ते मला कळतं. वही चालू ठेवा म्हणावं.

---

भूलवाला | शुक्रवार, रात्री ११:१५

उशीखाली नको, झोपेत दोनदा घेतली जाऊ शकते. रात्री दोनला उठायचं टाळायचं असेल तर झोपतानाचा डोस वेगळा ठरवता येतो, किंवा बारा तास पुरणारी गोळी येते. ती मात्र अख्खी गिळायची, चावायची किंवा कुटायची नाही. सोमवारी जाल तेव्हा वही सोबत न्या. एवढा नीट हिशेब आम्हाला कुणी आणून देत नाही.

---

मिरजवाली | शुक्रवार, रात्री ११:२१

नेते. मामा स्वतः येणार म्हणतायत, वही ते कुणाच्या हातात देत नाहीत.